"पाण्याचा रंग कसा होता?" – सांध्यांच्या गाठींचं क्लिनिक, पीव्हीएनएस आणि माझा गुडघा

"गुडघ्यातून पाणी काढलं होतं ना, त्याचा रंग कसा होता?" हा प्रश्न मला कोणीतरी पहिल्यांदा विचारला तेव्हा गुडघा सुजायला लागून तीन वर्षं होत आली होती. तोपर्यंत किती जणांना दाखवून झालं, किती गोळ्या खाऊन झाल्या, पण रंग कोणीच विचारला नव्हता आणि मला तर तो लख्ख आठवत होता, कारण सुई आत असताना मी तोंड फिरवून न घेता सिरिंजकडेच बघत बसले होते. लोखंडी बादली पावसात राहिली की तळाशी जे पाणी साठतं ना, तसं, गढूळ आणि तांबूस-तपकिरी. मी तसंच सांगितलं आणि समोरच्या डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं, "दोन्ही वेळा असाच?" मी म्हटलं हो, दोन्ही वेळा. त्या म्हणाल्या, "मग आपण नीट शोधू."

हा रिव्ह्यू त्या क्लिनिकचा आहे, जिथे माझा पीव्हीएनएस, म्हणजे सांध्याच्या आतलं अस्तर गाठीसारखं वाढत जाणारा दुर्मीळ आजार, शेवटी सापडला. हाडांच्या आणि सांध्यांच्या गाठी बघणारं क्लिनिक, म्हणजे साधी हाडांची ओपीडी नाही, तर जिथे गाठींचे सर्जन, एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, औषधांचे ऑन्कॉलॉजिस्ट आणि फिजिओ एकाच पेशंटच्या फाईलवर एकत्र बसतात अशी सेवा. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीही आहेत आणि मला कोणाचं नाव खराब करायचं नाही, शिवाय असं क्लिनिक तुम्हाला कुठेही शोधता येईल, काय शोधायचं ते कळलं पाहिजे एवढंच. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला तेही पुढे येईल. आणि मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा हे वाचून स्वतःचं निदान करू नका, पण हे वाचून प्रश्न मात्र जरूर विचारा.

आधीची तीन वर्षं थोडक्यात सांगते. वय तेव्हा एकतीस. कुठे पडले नाही, कुठे आपटले नाही, एक दिवस गुडघा भरल्यासारखा वाटला, वाटीच्या वरच्या बाजूला फुगलेला, दाबलं तर आत पाणी हलतंय असं वाटायचं. दुखणं फारसं नव्हतं, हेच खरं तर फसवं होतं, कारण दुखत नाही म्हणून मीही चालढकल केली. मग कधी सूज उतरायची, कधी एकदम चढायची, आणि जिन्यावरून उतरताना मधेच काहीतरी अडकल्यासारखं होऊन गुडघा सरळच होईना असं दोन-तीनदा झालं. पहिल्या ठिकाणी म्हणाले गादीला मार असेल, पाणी काढलं, रक्तासारखं दिसतंय म्हणजे जुना मार, आणि ते पाणी तिथेच बेसिनमध्ये ओतून दिलं. मार लागलाच नव्हता हे मी दोनदा सांगितलं, पण कागदावर मार असंच लिहिलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी आमवाताच्या तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल. एक्स-रे नॉर्मल. परत पाणी काढलं, ते टीबी आणि इन्फेक्शनसाठी पाठवलं, काही आलं नाही, पण रिपोर्टवर पाण्याचा रंग लिहिलेलाच नव्हता. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, दोन महिने बरं वाटलं, नंतर परत तेच. एमआरआयही झाला होता, त्यात "जुनाट सूज" एवढंच. त्या सगळ्यांवर माझा राग नाही असं नाही म्हणणार, राग आहे, विशेषतः ते ओतून दिलेलं पाणी आठवलं की. पण नंतर कळलं की नेदरलँड्समधल्या २०१७ साली आलेल्या अभ्यासात माझ्या प्रकारच्या आजाराचे नवे पेशंट दर दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण ५ निघाले होते, म्हणजे एखाद्या हाडांच्या डॉक्टरने अख्ख्या करिअरमध्ये मोजकेच बघितले असतील. दुर्मीळ आजार न ओळखणं मी समजू शकते. पेशंट सांगतेय ते न ऐकणं नाही समजू शकत.

पहिली व्हिजिट, म्हणजे ज्यासाठी मी हे लिहायला बसले. पन्नास मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं कारण सोबत आई होती आणि तिला सारखं वाटत होतं की आपण डॉक्टरांचा वेळ घेतोय. मॅडमनी आधी सगळं बोलू दिलं, मधे तोडलं नाही. मग एकेक विचारलं. फक्त हाच गुडघा की दुसरा कुठला सांधाही? सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? लहानपणापासून जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही असं काही? घरात कोणाला रक्ताचा आजार? आई तिथेच होती म्हणून लहानपणचं सगळं नीट सांगता आलं. हे का विचारलं ते त्यांनी लगेच समजावलं: सांध्यात परत परत रक्त उतरलं की आतलं अस्तर असंच तपकिरी होतं, हिमोफिलियातही होतं, रक्तवाहिन्यांची गाठ असली तरी होतं, म्हणून ते आधी बाजूला करायचं. टीबीही डोक्यात ठेवायचा. आणि एकच सांधा, तरुण वय, मार नाही, सूज दुखण्याच्या मानाने कितीतरी जास्त, पाणी तांबूस, एक्स-रे साफ, हे सगळं एका ओळीत मांडलं की एक नाव समोर येतं, पीव्हीएनएस. नाव त्यांनी त्या दिवशी सांगितलं, पण "अजून सिद्ध झालेलं नाही" हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं आणि कागदावर नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडलं, खरंच. तीन वर्षं प्रत्येकाने मला खात्रीने काहीतरी चुकीचं सांगितलं होतं.

तपासताना त्यांनी मला पालथं झोपवून गुडघ्याच्या मागे, खळग्यात, बराच वेळ दाबून बघितलं. तोपर्यंत कोणी मागून बघितलंच नव्हतं. तिथे एक मऊसर फुगवटा होता, मला स्वतःला कधी जाणवला नव्हता.

जुना एमआरआय फिल्मवर होता आणि सीडीही होती, सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडेना, त्यात अर्धा तास गेला. शेवटी उघडली आणि रेडिओलॉजिस्ट सरांनी बघून सांगितलं की नव्याने करावा लागेल, कारण एक ठरावीक सिक्वेन्स, म्हणजे चित्रं काढायची एक पद्धत, त्यात घेतलेलाच नाहीये. हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण माझ्या मते सगळं इथेच फिरलं. या आजारात सांध्याच्या अस्तरात वारंवार बारीक रक्तस्राव होतो, ते रक्त जिरतं पण त्यातलं लोखंड मागे राहतं, हिमोसिडेरिन म्हणतात त्याला. लोखंड एमआरआयच्या चुंबकात गडबड करतं आणि ती जागा काळी दिसते. साधं पाणी किंवा सूज टी-टू नावाच्या चित्रात पांढरी चमकते, पण हे अस्तर टी-वनमध्येही काळपट आणि टी-टूमध्येही काळपट. आणि ग्रेडियंट एको म्हणून जो सिक्वेन्स असतो त्यात तर तो काळा भाग आहे त्यापेक्षाही मोठा, फुलल्यासारखा दिसतो. सरांनी मला आणि आईला स्क्रीनसमोर बसवलं आणि दोन चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. एकात माझा गुडघा नेहमीसारखा करडा, दुसऱ्यात वाटीच्या वरच्या पोकळीत, दोन्ही बाजूंना आणि मागे खळग्यात शाई सांडल्यासारखे डाग. आई म्हणाली, "हे आधीच्या फोटोत नव्हतं का?" सर म्हणाले, "होतं काकू, पण तो फोटो हे शोधायला काढलेला नव्हता." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं, आधीच्या डॉक्टरांना शिव्या घालून मोठं व्हायचा प्रयत्न नाही, आणि खोटं सांत्वनही नाही.

तर ज्यांना हा संशय असेल त्यांनी एमआरआय करण्याआधी लिहून घ्या की हिमोसिडेरिन शोधायचंय, ग्रेडियंट एको घ्या. आणि फक्त रिपोर्टचा कागद नका ठेवू, चित्रांची सीडी किंवा फाईल मागून घ्या, ती तुमची आहे.

नंतर तुकडा काढून तपासला. सोनोग्राफीत बघत सुईने, जागा बधिर करून, अर्ध्या तासात घरी. रिपोर्टमध्ये काय होतं ते मी दोनदा वाचून घेतलं: एक केंद्रक असलेल्या पेशींची गर्दी, मधे मधे अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी म्हणजे जायंट सेल्स, चरबी भरलेल्या फेसाळ पेशी, आणि हिमोसिडेरिनचे तपकिरी कण. शेवटच्या ओळीत निदान: टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर, डिफ्यूज म्हणजे पसरलेला प्रकार.

ट्यूमर. तो शब्द वाचला आणि मी गाडीतच बसून रडले, खोटं कशाला सांगू. इथे क्लिनिकवर माझी पहिली तक्रार: रिपोर्ट मला मोबाईलवर आला शुक्रवारी संध्याकाळी आणि डॉक्टरांची भेट सोमवारी. अडीच दिवस मी "ट्यूमर" या शब्दासोबत काढले. आधी सगळे पीव्हीएनएस म्हणत होते, पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, आता हे दुसरंच नाव, मला वाटलं दुसराच आजार निघाला आणि तो कॅन्सर आहे. सोमवारी मॅडमनी दहा मिनिटांत सगळं सोडवलं पण ते दहा मिनिटांचं बोलणं रिपोर्ट पाठवायच्या आधी फोनवर व्हायला हवं होतं. मी त्यांना तसं सांगितलं, त्यांनी माफी मागितली.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा असा शनिवार-रविवार जायला नको. दोन्ही नावं एकाच आजाराची आहेत. १८५२मध्ये शासेनियाक नावाच्या फ्रेंच सर्जनने बोटाच्या स्नायुबंधाच्या आवरणावरची अशी गाठ नोंदवली, १९४१मध्ये जाफे, लिख्टेनस्टाइन आणि सुत्रो यांनी सांध्यातल्या प्रकाराला ते लांबलचक पीव्हीएनएस नाव दिलं, तेव्हा ही सूज असावी असा समज होता म्हणून नावात "आयटिस". पुढे लक्षात आलं की ही नुसती सूज नाही, पेशींची स्वतःची वाढ आहे, आणि २०१३च्या डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात दोन्ही टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर याच छत्राखाली आणले. ट्यूमर म्हणजे गाठ, वाढ. कॅन्सर नव्हे. ही गाठ शरीरात दुसरीकडे पसरत नाही, कॅन्सरसारखं वागणारे प्रकार अत्यंत विरळ. पण "कॅन्सर नाही ना, मग सोडून दे" हेही बरोबर नाही, कारण जागच्या जागी ती कूर्चा खाते, हाडात खड्डे पाडते. गुडघ्यात पोकळी मोठी म्हणून हाडाला उशिरा झळ लागते, खुब्यासारख्या आवळ सांध्यात लवकर.

का होतो हे मी विचारलंच. घरात कोणाला नाही, मी काही चुकीचं केलं का, हा प्रश्न मनात होताच. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं: थोड्याशा पेशींमध्ये पहिल्या क्रोमोझोमवरच्या सीएसएफ-१ नावाच्या जीनची जागा बदलते, बरेचदा ती दुसऱ्या क्रोमोझोमवरच्या एका जीनला जाऊन चिकटते. मग त्या पेशी सीएसएफ-१ नावाचं प्रथिन भरमसाट बनवायला लागतात, आणि ते प्रथिन म्हणजे मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे शरीरात साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवताण. त्या झुंडीने येतात. म्हणजे गाठीत जे दिसतं त्यातला बराचसा भाग खऱ्या बिघडलेल्या पेशींचा नसतोच, बोलावलेल्या गर्दीचा असतो. २००६मध्ये हे शोधलं गेलं आणि आताची औषधं त्यावरच उभी आहेत, ते पुढे येतं. हा बदल जन्मतः आलेला नाही, मुलांना जात नाही, माझ्या चालण्या-बसण्याने झालेला नाही. आईने हे ऐकल्यावर मोठा श्वास सोडला, मला वाटतं ती तीन वर्षं स्वतःलाच दोष देत होती.

ऑपरेशनचं ठरायच्या आधी त्यांची मीटिंग झाली, सगळे एकत्र बसतात ती, आणि मीटिंगमध्ये काय ठरलं ते लेखी मिळालं. एका बाजूला एकच गाठ असलेला लोकलाइज्ड प्रकार असतो, तो दुर्बिणीने किंवा छोट्या चिऱ्याने पूर्ण निघतो आणि बहुतेकांचं काम तिथेच संपतं. माझा डिफ्यूज, अख्ख्या अस्तरावर पसरलेला, पुढेही आणि मागेही. सर्जन सरांनी सरळ सांगितलं, "मी जे दिसेल ते सगळं काढीन. पण डिफ्यूज प्रकारात तो परत येण्याची शक्यता मोठी असते, काही ठिकाणच्या नोंदींमध्ये जवळजवळ निम्म्या पेशंटना परत आलाय. हे तुम्ही आज ऐकून घ्या, नंतर नको." मला धक्का बसला पण मी या माणसावर विश्वास ठेवायचा निर्णय त्याच क्षणी घेतला. दुसरीकडे एका ठिकाणी मला "दुर्बिणीने साफ करू, तीन दिवसांत चालायला लागाल" असं सांगितलं होतं आणि मागच्या भागाचा उल्लेखही नव्हता. गुडघ्याच्या मागे मुख्य रक्तवाहिनी आणि नस जाते, तिथलं अस्तर समोरून घातलेल्या दुर्बिणीला नीट सापडत नाही. पुढचं काढून मागचं ठेवलं तर ऑपरेशन झालं म्हणायचं आणि आजार तसाच. पहिलं ऑपरेशन ही सगळ्यात चांगली संधी असते, एकदा आत चिकटलेले व्रण झाले की दुसऱ्यांदा सगळंच अवघड, म्हणून पहिल्यांदाच योग्य हातात जा, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं.

माझं पुढचं दुर्बिणीने आणि मागचं उघडून, एकाच वेळी, साडेचार तास. दुसऱ्या दिवशी सरांनी फोनवर फोटो दाखवला, मीच मागितला होता. जुन्या विहिरीच्या ओल्या भिंतीवर शेवाळ कसं लोंबतं, तसे धागे-धागे, फक्त हिरव्याऐवजी गंजलेल्या रंगाचे, आणि मधे मधे पिवळट गाठी. ते व्हिलाय, नावातलं "व्हिलो" ते हेच. सिरिंजमधल्या पाण्याचा रंग कुठून येत होता ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

आता अर्धा स्टार. फिजिओ. या ऑपरेशननंतरचा एक मोठा धोका म्हणजे गुडघा आखडणं, आणि हे ऑपरेशनआधी मला दोन वाक्यांत सांगितलं गेलं, जिथे अर्धा तास बोलायला हवं होतं. वॉर्डमध्ये फिजिओ ताई दोन दिवस आल्या, उत्तम होत्या, पण डिस्चार्जनंतरची पहिली अपॉइंटमेंट सोळा दिवसांनी. तोपर्यंत मी दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन वाकवून ठेवत होते, जे अजिबात करायचं नसतं, टाच उशीवर ठेवून गुडघा सरळ सोडायचा असतो, हे मला सोळाव्या दिवशी कळलं. गुडघा तेव्हा जेमतेम साठ अंश वाकत होता आणि सरळ तर होतच नव्हता. ताईंनी स्पष्ट सांगितलं की सहा आठवड्यांत नव्वद नाही झालं तर भूल देऊन वाकवायला लागेल. मग मी दिवसातून चार वेळा बसले, पलंगाच्या कडेवर, चांगला पाय वाईट पायावर ठेवून हळूहळू मागे ढकलायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आई बाजूला बसून मोजायची. सहाव्या आठवड्याला ब्याण्णव. आज एकशे वीसच्या आसपास आहे, मांडी घालून बसता येत नाही, पण जिना उतरता येतो. डिस्चार्जच्या दिवशीच फिजिओची तारीख हातात घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत पण आहेत. फोन लागत नाही, लागला तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. पहिली अपॉइंटमेंट मिळायला पाच आठवडे. वेटिंगमधल्या खुर्च्या इतक्या बसक्या की गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्यातून एकट्याने उठूच शकत नाही, आणि हे गुडघ्यांचे पेशंट बघणारं क्लिनिक आहे. मी सूचनापेटीत लिहून टाकलं, पुढच्या वेळी दोन उंच खुर्च्या दिसल्या, माझ्यामुळे की आधीच ठरलं होतं माहीत नाही, पण बरं वाटलं.

फॉलोअप मात्र चोख. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी एमआरआय, तो पुढच्या सगळ्यांशी ताडून बघायला, मग दर सहा महिन्यांनी. चौदा-पंधरा महिन्यांच्या एमआरआयमध्ये मागच्या बाजूला एक छोटा काळा ठिपका दिसला, जो आधी नव्हता. सूज नाही, दुखणं नाही, अडकणं नाही. आता परत कापायचं का, या प्रश्नाने माझी झोप उडाली होती. इथे मला ऑन्कॉलॉजिस्ट मॅडम भेटल्या आणि त्यांनी सगळे पर्याय न घाबरवता मांडले.

औषधं आहेत. ती त्या सीएसएफ-१च्या आवताणाला आत घेणारं दारच बंद करतात, म्हणजे मॅक्रोफेजवरचा रिसेप्टर. पेक्सिडार्टिनिब हे या आजारासाठी अमेरिकेत ऑगस्ट २०१९मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं त्यात २५ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांची गाठ ठरलेल्या मापाने आकसली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत एकाचीही नाही. पण यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तिथे ते खास नोंदणी करून, वारंवार रक्त तपासत द्यायच्या अटीवरच मंजूर झालं, आणि युरोपच्या नियामकांनी २०२०मध्ये परवानगी नाकारली. केस पांढरे पडतात हाही एक परिणाम, पण तो मला काहीच वाटला नसता. मग व्हिमसेल्टिनिब, फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेत मंजूर, आठवड्यातून दोनदा घ्यायची कॅप्सूल, त्याच्या चाचणीत ४० टक्के विरुद्ध शून्य, आणि यकृताचा तो विशिष्ट त्रास त्यात तसा दिसला नाही, पण डोळ्यांभोवती सूज, खाज, थकवा हे आहेच. त्याआधी इमॅटिनिबसारखी दुसऱ्या आजारांची औषधं वापरायचे, अजूनही काही ठिकाणी वापरतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर यांतली औषधं चालू असताना नाही, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण आईसमोर तो विषय मी काढला नसता. रेडिएशनबद्दलही विचारलं. सुईने सांध्यात सोडायचं असतं तसं, आणि बाहेरून द्यायचं तसं, दोन्ही. त्या म्हणाल्या, कॅन्सर नसलेल्या आजारासाठी तरुण माणसाला रेडिएशन म्हणजे फार विचार करून, बाकीचे रस्ते संपले तरच.

आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी वहीत लिहून घेतलं: "औषध एमआरआयला द्यायचं नाही, तुम्हाला द्यायचं. तुम्हाला त्रास होतोय का?" नाही होत. "मग बघत राहू." म्हणजे सोडून देणं नाही. सहा महिन्यांनी परत एमआरआय, मधे सूज आली, गुडघा अडकला, रात्री दुखायला लागलं तर लगेच यायचं, आणि फोन लागत नाही म्हणून मला नर्स सिस्टरचा थेट नंबर दिलाय. त्या नंबरवर मी दोनदा फोन केलाय, दोन्ही वेळा त्याच दिवशी उत्तर आलं.

कोणासाठी हे क्लिनिक नाही? ज्यांना दोन्ही गुडघे दुखतात, वय झालंय, झीज आहे, त्यांनी इथे रांग लावू नये, तुमचं काम तुमचे हाडांचे डॉक्टर नीट करतील. पण एकच सांधा, महिनोन्महिने सुजतोय, मार नाही, आमवात नाही, पाणी काढलं तर तांबूस निघतंय, असं असेल तर पाच आठवडे थांबावं लागलं तरी थांबा. जाताना सगळ्या जुन्या सीड्या न्या, रिपोर्टचे कागद तारखेप्रमाणे लावा, आधी पाणी काढलं असेल तर रंग आठवून लिहून न्या, आणि घरातलं एक माणूस सोबत न्या, कारण पन्नास मिनिटांत जे बोललं जातं ते एकट्याच्या डोक्यात राहत नाही.

माझा पुढचा एमआरआय दोन महिन्यांनी आहे. काल जिना उतरताना मधल्या पायरीवर सवयीने थांबले, गुडघा अडकतोय का बघायला. अडकला नाही. उतरले.